ओट्यावरची गुलाबी बरणी

आहारतज्ज्ञ म्हटलं की लोकांना वजन कमी करून देणारी बाई आठवते. लग्नात, बारशाला, अगदी विहारात वंदना आटोपून चपला शोधत असतानाही कुणीतरी मला कोपऱ्यात गाठतं आणि हळूच विचारतं, "मॅडम, पोट कमी करायला काहीतरी सांगा ना." मी सांगते, "जिने चढा," आणि चपला घालते. माझी सगळी नोकरी वजन वाढवण्यात गेली हे त्यांना कुठे समजावत बसू? दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात गरोदर बायकांच्या ओपीडीत, वजनकाट्याच्या शेजारच्या टेबलावर मी तीस वर्षं बसले. अकोल्याची मुलगी, लग्न होऊन सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले आणि बघता बघता हिंदीत भांडायलाही शिकले.

टेबलावर माझी एक कापडी पिशवी असे. तिच्यात एक स्टीलची वाटी, एक चमचा आणि पुठ्ठ्याच्या कापलेल्या तीन आकारांच्या पोळ्या. नवीन डॉक्टर मुलं हसायची, म्हणायची, मॅडम भातुकली घेऊन आल्या. पण माझा सगळा धंदा त्या पिशवीत होता. बाई समोर बसली की मी एकच प्रश्न विचारायची, "कल सुबह उठने के बाद से बताओ, क्या-क्या खाया." रोज काय खाता, असं कधी विचारायचं नाही. तसं विचारलं की माणूस आपल्याला शोभेल असं उत्तर देतो. दूध, फळं, हिरव्या भाज्या, सगळं येतं. 'काल' विचारलं की खरं बाहेर पडतं. काल सकाळी चहा, दोन टोस्ट. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर तीन रोट्या. कोणत्या आकाराच्या, ते ती पुठ्ठ्यावर बोट ठेवून दाखवायची. भाजी किती? मी वाटी पुढे करायची. कधी वाटीच्या तळाशी बोट टेकायचं, कधी बाई नुसती हसायची, म्हणजे भाजी उरलीच नव्हती. सोबत सासू असली तर उत्तरं सासू द्यायची. "सब खाती है मैडम, इसे कौन रोकता है." मग मी सासूबाईंना त्यांचंच वजन करायला काट्यावर पाठवायची. त्या चपला काढून चढेपर्यंत सुनेशी दोन वाक्यं खरी बोलता यायची.

या सगळ्याचा बाळाच्या डोक्याशी काय संबंध, असं बायका विचारायच्या. त्यांना वाटे, आईने खाल्लं की बाळ गुटगुटीत होतं, संपलं. मी सांगायची, हातपाय दिसतात म्हणून त्यांची काळजी करता. मेंदू सोनोग्राफीत गोल दिसला की तुम्ही खूश. पण त्या गोलाच्या आत काम कसं चाललंय ते फोटोत येत नाही. त्याला लोह लागतं, फॉलिक ॲसिड लागतं, बी-बारा लागतं, आणि ते मिळतं आईच्या ताटातून किंवा आईच्या गोळीतून. फॉलिक ॲसिड तर दिवस जायच्या आधीपासून घ्यायला हवं, आणि आमच्याकडे बायका चौथ्या-पाचव्या महिन्यात यायच्या. लोहाची गोळी दिली तर चहाबरोबर गिळायच्या. चहा आणि ती गोळी एकत्र घेऊ नका, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की घरात कुणी चहा मागितला तरी तोंडात तेच यायचं.

थोडक्यात, मला माझ्या वाटीचा गर्व होता. माझी चूक त्या गर्वातच होती, म्हणून हे आधी सांगितलं.

पाच-सहा वर्षांपूर्वी मंजू नावाची बाई आली. बुंदेलखंडातली. नोएडात एका सेक्टरमागच्या गावात खोली, आणि समोरच्या उंच सोसायटीत सहा घरांचा स्वयंपाक. पाचवा महिना होता आणि वजन वाढत नव्हतं. पहिल्या दिवशी तिने मला जे सांगितलं ते ऐकून मी चाट पडले. पनीर, राजमा, पालक, दही, सुका मेवा. मी पुठ्ठ्याची पोळी खाली ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. तिच्या ध्यानात आलं.

"मैडम, ये तो मैंने बनाया था."

"और खाया क्या?"

"आखिरी वाले घर में चाय मिलती है."

त्या सहा घरांतल्या बायका उरलेलं अन्न तिला डब्यात द्यायच्या. तो डबा ती घरी न्यायची आणि तिचा नवरा आणि मोठी मुलगी खायची. दिवसभर दुसऱ्याचं अन्न शिजवून तिची भूक मरून जायची.

अशा बायकांसाठी माझी दुसरी युक्ती होती, पुड्यांची. पुढच्या वेळी येताना घरात जे जे आहे त्याची चिमूट-चिमूट कागदात बांधून आण, असं मी सांगायची. तोंडाला रंग चढवता येतो, पुडीला येत नाही. मंजूने शिस्तीत सगळं आणलं. कणीक, मसूर डाळ, भाजलेले चणे, गूळ, हळद. आणि एका चकचकीत झिपच्या पाकिटात गुलाबी मीठ.

"ये वाली दीदी ने दिया," ती कौतुकाने म्हणाली. "बोलीं, पेट में बच्चा है, सादा नमक मत खा, उसमें केमिकल है. ये शुद्ध है."

मिठाची पुडी मी कधी उघडूनही बघत नसे. मीठ काय, सगळ्यांकडे असतं. वाटीत मोजता येत नाही म्हणून माझ्या कागदावर त्याला रकानाच नव्हता. पण त्या दिवशी शेजारच्या खोलीत आशा कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण चाललं होतं आणि तिथे मीठ तपासायच्या छोट्या बाटल्या पडल्या होत्या. एक थेंब मिठावर टाकायचा. आयोडीन असेल तर मीठ जांभळं होतं. मी कँटीनमधून चिमूटभर मीठ मागवलं, थेंब टाकला, जांभळं झालं. मंजूच्या मिठावर टाकला. गुलाबी होतं ते गुलाबीच राहिलं.

बाहेरच्यांसाठी सांगते. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, तिला आयोडीन लागतं. बाळाची स्वतःची ग्रंथी पहिले काही महिने कामाला लागलेली नसते, तेव्हा त्याचा मेंदू आईच्या ग्रंथीच्या जिवावर घडतो. आणि आपल्या जमिनीत आयोडीन जेमतेम, म्हणून ते पिकात कमी, म्हणून सरकारने ते मिठात घातलं. सैंधव, काळं, गुलाबी, डोंगरातून काढलेलं म्हणून मिरवणारं जे काही असतं, त्यात ते सहसा नसतं. अगदी कमी पडलं तर मूल बुद्धीने मागे राहू शकतं. थोडं कमी पडलं तर काय होतं, ते एका मुलाकडे बोट दाखवून कुणालाच सांगता येत नाही. हेच त्यातलं वाईट. हे सगळं मला कॉलेजपासून पाठ होतं. परीक्षेत मार्कही होते.

मी मंजूला समजावलं. ती म्हणाली, "मैडम, छह घर में खाना बनाती हूँ, चार में यही नमक है. और उनमें से एक दीदी खुद पेट से हैं."

मला त्या शिकलेल्या बायकांचा भयंकर राग आला. केमिकल म्हणे! मनातल्या मनात मी त्या अनोळखी दीदीला घरी येईपर्यंत झापत होते. दुपारी जेवायच्या सुट्टीत क्वार्टरवर आले, वरणाला फोडणी दिली, मिठासाठी हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला.

ओट्यावर गुलाबी बरणी होती.

ती आणली होती आमच्या ह्यांनी. बीपी निघालं तेव्हा बागेत फिरायला येणाऱ्या कुणा मित्राने सांगितलं होतं. मी तेव्हा म्हटलं होतं की बीपीला मीठ कमी करायचं असतं, रंग बदलून काय होणार? पण हे हट्टाला पेटले. मग मीही सोडून दिलं. म्हटलं, साठीला आलेली दोन माणसं आपण, आपल्याला कुठे आता मुलं व्हायचीत. बरणी दिसायलाही छान होती. तेवढ्यावर विषय संपला, असं मी धरून चालले.

आमची एकुलती एक मुलगी सुजाता. बोधिसत्त्वाला खीर देणारीचं नाव, ते तिच्या आजोबांनी हौसेने ठेवलं. ती गुरुग्रामला एका कंपनीत, जावई अमेय पुण्याचा, तोही गुरुग्रामलाच नोकरीला. दर रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला. आणि सुजाताला त्या वेळी तिसरा महिना संपत आला होता.

मी फोन केला. ती मीटिंगमध्ये होती. "आई, पटकन बोल."

"तुझ्याकडे मीठ कोणतं आहे?"

"काय?"

"मीठ गं. स्वयंपाकाचं."

"तुझंच तर आहे. पिंकवालं. का?"

मी दुपारची सुट्टी टाकली, पर्समध्ये सकाळी उचललेली ती बाटली होतीच, आणि मेट्रोत बसले. आयएनएला गाडी बदलून गुरुग्रामपर्यंत एवढा वेळ लागतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सुजाताने चौदाव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा तिच्या कानात अजून मीटिंगचं ते यंत्र होतं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले, बशीत मीठ घेतलं, थेंब टाकला. गुलाबीच राहिलं. मग तिला बसवलं आणि नोकरीत हजारो बायकांना विचारला तो प्रश्न पोटच्या मुलीला पहिल्यांदा विचारला. "काल सकाळी उठल्यापासून सांग."

दूध बंद होतं, ॲसिडिटी होते म्हणून. बदामाचं दूध चालू होतं. अंडी बंद, वास सहन होत नाही म्हणून. दही तर तिला लहानपणापासून नको. म्हणजे मिठाव्यतिरिक्त ज्या दोन-तीन वाटांनी आयोडीन पोटात गेलं असतं, त्याही बंद. तिला मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ती बशीकडे बघत होती.

"पण आई, तुझ्या ओट्यावर होतं. तुझ्या! मी वेगळं कशाला कुणाला विचारू? आईच्या घरात आहे म्हणजे चांगलंच असणार ना."

"चुकलं माझं."

"तू अख्ख्या दिल्लीच्या बायकांना विचारतेस काल काय खाल्लं. मला एकदा तरी विचारलंस? फोनवर फक्त, उलट्या होतात का, आराम कर, बस."

 मी धरून चालले होते की ही माझे आहाराचे तक्ते बघत वाढलेली मुलगी, हिला काय सांगायचं.

मग तिने विचारलं, "बाळाला काही होईल?"

ओपीडीत या प्रश्नाला माझ्याकडे तयार वाक्य होतं, 'आतापासून नीट खा, सब ठीक होगा.' ते माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "माहीत नाही. पण आजपासून काय करायचं ते माहीत आहे." ती रडली. मीही रडले, आणि रडता रडता तिची मिठाची बरणी उचलून कचऱ्यात टाकली. "मग आता जास्त मीठ खाऊ का?" असं तिने नाक पुसत विचारलं तेव्हा मात्र माझ्यातली नोकरी जागी झाली. "अजिबात नाही. तेवढंच. पण साधं, पाकिटावर आयोडीन लिहिलेलं, झाकण घट्ट लावलेलं."

दुसऱ्याच दिवशी तिच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, थायरॉइडचा आकडा थोडा वर होता. त्यांनी लहानशी गोळी सुरू केली, आयोडीन असलेली व्हिटॅमिनची गोळी दिली, म्हणाल्या, बरं झालं वेळेत आलात. वेळेत म्हणजे किती वेळेत, हे मी त्यांना विचारलं नाही.

ह्यांना मी आदल्या रात्रीच सगळं सांगितलं होतं. घरी आले तर त्यांनी स्वतःच आमची बरणी धुऊन पालथी घातली होती.

तेव्हापासून मी हट्टाला पेटले. माझ्या छापील कागदाच्या अगदी वर, पोळी-भाजीच्याही आधी, मी पेनाने लिहायला लागले: नमक कौन सा? बाटल्यांसाठी स्टोअरच्या बाबूंशी भांडले. ते म्हणायचे, ये आपके डिपार्टमेंट का सामान नहीं है. मी रोज जाऊन त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहायची. आठव्या दिवशी त्यांनी अख्खं खोकं माझ्या हातात दिलं, बहुधा मी दिसू नये म्हणून. कामगार वस्त्यांतल्या बायकांकडे साधं मीठ निघायचं, पण चुलीशेजारी उघड्या डब्यात. कुणी खडे मीठ धुऊन घ्यायची. उच्चभ्रू सोसायट्यांत काम करणाऱ्यांकडे मालकिणीने दिलेलं शुद्ध मीठ. प्रत्येकीसमोर थेंब टाकायचा आणि तिलाच बघायला लावायचं. भाषण ऐकून बाई विसरते, रंग बघितला की घरी जाऊन सांगते.

एक बाटली मी मंजूला दिली होती. ती आठव्या महिन्यात आली, तेव्हा वजन बऱ्यापैकी वाढलं होतं. आता ती डब्यातलं आधी स्वतः खाऊन मग घरी नेत होती. मी विचारलं, "उन छह घरों का क्या हुआ?"

तिने सहाही घरांत थेंब टाकून दाखवला होता. तीन दीदींनी त्याच दिवशी साधं मीठ आणलं. चौथी, जी गरोदर होती, ती म्हणाली, अपने काम से काम रख, नेटवर सगळं वाचलंय मी.

"फिर?"

मंजूने इकडेतिकडे पाहिलं. "फिर मैं घर से अपना नमक ले जाती हूँ, मैडम. पुड़िया में. उनके खाने में वही डालती हूँ. गुलाबी वाला डिब्बा वैसा ही भरा है, पूछती हैं तो कहती हूँ, चल रहा है."

कुणाच्या ताटात न सांगता काही घालू नये, हे मला तिला सांगायला हवं होतं. सांगितलंही, पण आवाजात जोर नव्हता. मी तेवढंच म्हटलं की पुन्हा एकदा त्यांना समजावून बघ, आणि डॉक्टरांना विचारायला सांग. ती मान डोलावून गेली. इतकी वर्षं मी टेबलाच्या या बाजूला बसून जे केलं, ते ही बाई पुडी कमरेला खोचून करत होती.

सुजाताला मुलगी झाली, मैत्री. वजन चांगलं, रडणं खणखणीत. सगळे पेढे वाटत होते आणि मी तिच्या मुठी उघडून बघत होते. मान धरली, बसली, रांगली, वेळेवर. पण बोलेना. दीड वर्षाची झाली, 'मम' आणि 'जा'. दोन वर्षांची झाली, फार तर सात-आठ शब्द. सांभाळणारी बाई हिंदी बोलते, आई-बाबा मराठी, फोनवर इंग्रजी, अशा घरातली मुलं कधी उशिरा बोलतात, डॉक्टरांनी सांगितलं. कान तपासले, ठीक होते. मी मान डोलवायची आणि रविवारी ती आली की हळूच शब्द मोजायची. चेंडू दाखवून विचारायची, हे काय? गाय दाखवून, हे काय?

एका रविवारी सुजाताने माझ्या हातातून चित्रांचं पुस्तक काढून घेतलं. "आई, तिला तपासू नकोस. नुसती आजी हो."

मिठाचा विषय आमच्यात त्या दुपारनंतर कधी निघाला नव्हता. त्या वाक्यात तो होता, हे दोघींना कळलं. मला फार लागलं ते. तरी तिचंच खरं होतं. मी मोजणं बंद केलं आणि पोरीला मांडीवर घेऊन कणकेच्या चिमण्या करायला लागले.

अडीच वर्षांची झाल्यावर मैत्री जी बोलायला लागली, ती आजतागायत थांबलेली नाही. आता ती चार वर्षांची आहे आणि मला उलटून बोलते. उशीर कशामुळे झाला, त्याचा त्या पहिल्या तीन महिन्यांशी काही संबंध होता का, की ती मुळातच सावकाश होती, हे मला कधीच कळणार नाही. आजही ती एखादा शब्द शोधायला थांबली की मी मनात मोजायला लागते. ते जाणार नाही. मी निवृत्त झाले, आम्ही नोएडाला राहायला आलो, तरी आठवड्यातून दोन दिवस मी जवळच्या दवाखान्यात फुकट बसते, वाटी आणि बाटली घेऊन. हे म्हणतात, आता पुरे. मी म्हणते, अजून नाही.

मागच्या रविवारी सुजाता आली ती हातात मोठी पिशवी घेऊन. मला वाटलं, मैत्रीचे कपडे. तिने जेवणाच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि पिशवीतून एकेक पुडी काढून ओळीने मांडली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या, माझ्या पेशंट बायका बांधायच्या तशाच. कणीक, तूरडाळ, नाचणी, गूळ, तीळ, आणि सगळ्यात पुढे मीठ. मैत्री खुर्चीवर चढली, कपाटातली माझी बाटली कुठे असते ते तिला पाठ आहे, ती घेऊन आली. माझा हात धरून तिने थेंब पाडला.

"आजी, पर्पल हो गया!"

"जांभळं म्हण."

"जांभळं पर्पल."

मी पुड्यांकडे बघितलं, मग सुजाताकडे. अमेय दाराशी उगाच हसत उभा होता.

"कितवा?" मी विचारलं.

"अजून कुठलाच नाही. विचार चाललाय. फॉलिक ॲसिड कालपासून सुरू केलंय." ती समोरची खुर्ची ओढून बसली, टेबलाच्या पलीकडे, जिथे माझ्या बायका बसायच्या. "विचार ना आई."

मी पिशवीतून वाटी काढली, चमचा काढला, कडा झिजलेल्या पुठ्ठ्याच्या तीन पोळ्या काढल्या. चष्मा पुसावा लागला.

"काल सकाळी उठल्यापासून सांग," मी म्हटलं.